जिम्नी लिफ्ट केल्यावर ७५ ला स्टीअरिंग नाचतंय, ९० ला बुडाखाली भणभण - अलाइनमेंट करूनही तेच

रानवाटकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी पाच दरवाजांची जिम्नी, मॅन्युअल. पावसाळ्याआधी २ इंची लिफ्ट किट टाकलं, म्हणजे फक्त चार स्प्रिंग आणि चार शॉक, बाकी काही नाही. टायर कंपनीचे १९५/८० आर १५ होते ते काढून २१५/७५ आर १५ एटी (ऑल-टेरेन) घातले. काम पुण्यातल्याच एका गॅरेजमध्ये झालं, नाव घेत नाही. दिसायला गाडी एक नंबर आणि मुळशीकडच्या चिखलात तर मजाच आली, पण हायवेला लागलं की वैताग.

एक म्हणजे ७०-७५ ला एखादा जॉइंट किंवा खड्डा लागला की स्टीअरिंग असं काही धडधडतं की दोन्ही हातांनी धरून वेग ५० पर्यंत उतरवावा लागतो, मग आपोआप थांबतं. दुसरं, ९० च्या पुढे स्टीअरिंग शांत असतं पण सीटखालून भणभण येते, बायको म्हणते मिक्सर चालू आहे का. तिसरं, ताम्हिणीत वळण घेतल्यावर स्टीअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, आणावं लागतं, आणि सरळ रस्त्यावर ते थोडं डावीकडे कललेलं असतं.

अलाइनमेंट-बॅलन्सिंग वेगवेगळ्या दोन ठिकाणी करून घेतलं. दोघंही म्हणाले सगळं ओके, स्क्रीनवर हिरवं. काय बघू?

थारवाला_७७

स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे हादरे शोषणारा शॉक) बदला. जाड गॅसवाला टाका, संपला विषय. माझ्या मित्राचं त्यानेच गेलं.

पाना_१४

थारवाला भाऊ, रागावू नका पण हा सल्ला आधी बाजूला ठेवू. डॅम्पर जिम्नीला कंपनीचाच असतो. जाड टाकलात तर धडधड दबेल, जाणार नाही, आणि जे ढिलं आहे ते आत झिजत राहील. आमच्याकडे अशा गाड्या येतात, डॅम्परचा बोल्टच वाकलेला असतो.

रानवाटकरी, तुमच्या तीन तक्रारी म्हणजे बहुतेक तीन वेगळी कारणं आहेत, एकात एक कालवू नका. ८० ला तुमचं चाक सेकंदाला साधारण १० चकरा मारतं. चाकातला, रिममधला, पुढच्या एक्सलमधला दोष असेल तर तो या चालीने हाताला जाणवतो, डोळ्यांनी स्टीअरिंग हललेलं दिसतं. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलला ताकद नेणारा) त्याच्या चौपटीच्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला ४० च्या घरात, आणि क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा) अँगल चुकला तर एका चकरेत दोन झटके, म्हणजे ८०. एवढ्या वेगाचा हादरा हाताला कळत नाही, तो सीटला आणि कानाला कळतो. तुमची भणभण ती असावी.

आता मला ही माहिती द्या. अलाइनमेंटचा कागद मिळाला असेल तर त्यावर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) किती आहे? ९० ला असताना न्यूट्रल करून गाडी सोडली तर भणभण राहते का? पाय काढल्यावर आवाज वाढतो का कमी होतो? आणि पुढचा पॅनहार्ड रॉड (एक्सल बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा, कंपनीच्या पार्टलिस्टमध्ये लॅटरल रॉड लिहितात) अजून जुनाच आहे ना?

वाचनमात्र

ही खुर्ची माझी, धागा वाचत बसतो. पुढच्या महिन्यात मीही लिफ्ट टाकणार होतो 😬

जुनी_जिप्सी

मी कोल्हापूरचा, माझी ९६ ची जिप्सी, पाट्यांची (लीफ स्प्रिंगची). जिम्नीचं कॉइल आमच्याकडे नाही पण भानगड तीच. लिफ्ट केली म्हणजे गाडी वर गेली असं आपल्याला वाटतं, खरं तर एक्सल खाली गेला, आणि जाताना तो सरळ खाली जात नाही, फिरतो. पाट्याच्या गाडीला शॅकल (पाट्याच्या टोकाची कडी) लांब केलं की एक्सल फिरलाच. मग आम्ही पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर घालतो, लोखंडी, दोन-चार अंशांची. माझ्या गाडीला एका फिटरने ती उलटी घातली होती, जाड बाजू जिथे पाहिजे त्याच्या विरुद्ध. गाडी ६० ला रस्ता सोडून शेतात जायला बघायची. पाचर काढून फिरवली, तेवढंच. अर्ध्या तासाचं काम.

अलाइनमेंटवाल्याचा यात दोष नाही हो. सॉलिड एक्सलला (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) तो टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) सोडून काय करणार, टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा) आहे तेवढा फिरवतो. कॅम्बर (चाकाचं आत-बाहेर कलणं) आणि कॅस्टर एक्सल बनवतानाच ठरलेले. त्याच्या मशीनवर टो हिरवा दिसला की त्याचं काम झालं.

रानवाटकरी

कागद शोधून काढला. टो हिरवा. कॅस्टर डावीकडे +०.२, उजवीकडे -०.१ आणि दोन्ही लाल! मी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला "ते अ‍ॅडजस्ट होत नाही सर, त्याकडे बघू नका".

न्यूट्रलची टेस्ट आज सकाळी एक्स्प्रेसवेवर केली. न्यूट्रलमध्येही भणभण राहते, पण बारीक होते. अ‍ॅक्सिलरेटर हलकासा दाबून धरला की सगळ्यात जास्त. पॅनहार्ड जुनाच आहे.

पाना_१४

"त्याकडे बघू नका" 😀 तिथेच सगळं आहे.

कॅस्टर म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो तसं. हात सोडले तरी सायकल सरळ जाते ती त्या तिरकेपणाच्या मदतीने. जिम्नीत पुढच्या एक्सलला दोन आर्म असतात, त्यांचं मागचं टोक चेसीला आणि पुढे एक्सलला दोन-दोन बुशांनी (रबरी गुट्ट्यांनी) घट्ट. म्हणजे आर्म जेवढ्या अंशांनी खाली झुकेल तेवढाच एक्सल पुढे लोळतो, आणि कॅस्टर तेवढा उतरतो. समजा आर्म एक मीटर लांब असता आणि ५० मिमी लिफ्ट, तर जवळजवळ २.९ अंश गेले. जिम्नीचा आर्म त्याहून आखूड आहे, म्हणजे नुकसान जास्तच. तुमचा कॅस्टर शून्यावर आलाय, म्हणून घाटात स्टीअरिंग परत येत नाही. कॅस्टर नसला की धडधड सुरू व्हायला निमित्तही लहानसं पुरतं.

पण नुसता कॅस्टर कमी असल्याने एवढी धडधड होत नाही, सोबत काहीतरी ढिलं हवंच. हे घरी बघता येतं. गाडी जमिनीवर, चाकांवर उभी, इंजिन चालू, एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे छोटे छोटे झटके देत फिरवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून पॅनहार्डच्या दोन्ही टोकांकडे बघायचं. बोल्ट भोकात सरकताना दिसला किंवा बुशाचं रबर आधी हललं आणि एक्सल नंतर, तर चोर तिथेच. मग पुढचं चाक जॅकवर घेऊन खाली घोडी (स्टँड) लावा, चाक वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ).

तिसरा_गिअर

यात एक घाला. किट बसवताना गाडी टू-पोस्ट लिफ्टवर होती का? बहुतेक असेलच. एक्सल लोंबकळत असताना आर्म आणि पॅनहार्डचे बोल्ट पूर्ण आवळले तर बुशाचं रबर त्याच स्थितीत चिकटून बसतं. मग गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं. दोन-तीन चिखलाच्या राईडमध्ये फाटतं. बोल्ट आधी नुसते लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, थोडी वर-खाली दाबायची, मग टॉर्क रेंचने आवळायचे. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं, पण खाली वाकून आवळायला कोणाला आवडतंय.

आणि भाऊ, लिफ्ट किती झाली ते मोजलंत का? किटच्या डब्यावर २ इंच लिहिलंय म्हणून २ इंच होत नाही. हबच्या (चाकाच्या केंद्राच्या) मध्यापासून वर फेंडरच्या (मडगार्डच्या) कडेपर्यंत टेप लावा, चारही चाकांना. शेजारीपाजारी एखादी स्टॉक (काही न बदललेली) जिम्नी असेल तर तिचंही मोजा.

थारवाला_७७

ठीक आहे डॅम्परचं मागे घेतो 🙏 पण मग नवीन थारला असं का होत नाही? माझी २०२० नंतरची, पुढे स्पेसर (उंची वाढवायला स्प्रिंगवर घालतात त्या चकत्या) टाकलेत, स्टीअरिंग लोण्यासारखं.

पाना_१४

कारण तुमच्या पुढे सॉलिड एक्सल नाही. नवीन थारला पुढे डबल विशबोन आहे, सॉलिड एक्सल फक्त मागे. एका चाकाचा हादरा दुसऱ्याला एका दांड्यातून जात नाही म्हणून ही धडधड तिथे सहसा होत नाही. पण तुमचे हिशोब वेगळे. स्पेसरने कॅम्बर बदलतो, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा अँगल वाढतो. टायरची आतली किंवा बाहेरची कड हाताने चाचपून बघा, करवतीसारखी लागली तर टो-कॅम्बर गेलाय. आणि शाफ्टच्या रबरी बुटातून ग्रीस उडालंय का ते आज घरी गेल्यावर बघाच.

थारवाला_७७

बघितलं. उजव्या बुटाच्या घडीत चीर आहे. रिमला आतून ग्रीस. वाट लागली.

स्वाननदीकाठी

पर्थहून. माझी तीन दरवाजांची. इथे लिफ्ट म्हटलं की कॅस्टरचे ऑफसेट बुश (मधलं भोक एका बाजूला असलेले) किंवा बदललेले आर्म यांचं बोलणं पहिल्या फोनवरच होतं, कारण ठरावीक उंचीच्या पुढे गेलात तर इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं, नियमही राज्याराज्यात वेगळे. एक सावधगिरी मात्र, इथल्या फेसबुक ग्रुपांवरचे आकडे तिकडे जसेच्या तसे लावू नका. तुमच्या पाच दरवाजांच्या गाडीचा व्हीलबेस २५९० मिमी, आमचा २२५०. वजनही वेगळं, त्यामुळे स्प्रिंग वेगळी. तिसरा_गिअर ताईंनी मोजायला सांगितलंय ते अगदी महत्त्वाचं. इथे किटच्या स्प्रिंग वजनानुसार मिळतात: रिकामी गाडी, स्टील बंपर आणि विंचवाली गाडी, सतत सामान भरलेली गाडी. जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीला घातली की गाडी जास्त उचलली जाते आणि वर ताठही बसते.

वाचनमात्र

मला आता लिफ्टपेक्षा मोजपट्टी घ्यावीशी वाटतेय.

रानवाटकरी

मंडळी, दंडवत. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मित्राला घेऊन सगळं केलं, वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला काय चाललंय.

मित्राची स्टॉक जिम्नी शेजारी उभी केली. माझी पुढे ६८ मिमीने वर आहे आणि मागे ५५ ने. किटवर लिहिलंय ५०. बंपर प्लॅस्टिकचाच आहे, विंच नाही.

पॅनहार्ड: मी खाली, तो स्टीअरिंगवर. चेसीकडच्या टोकाला बुशाच्या मधली लोखंडी नळी रबर सोडून फिरतेय, रबराला अर्ध्या गोलात चीर, चिरेतून काळी भुकटी पडतेय. बोल्ट घट्ट आहे, पण आत नळी मोकळी. झटका दिला की आधी रॉड टिचकी मारतो, मग एक्सल हलतो. किंगपिनला प्ले वाटला नाही. व्हील बेअरिंग ठीक.

अजून एक दिसलं. पुढचं उजवं चाक फेंडरच्या थोडं बाहेर आणि डावं आत. पुढचा एक्सलच एका बाजूला सरकलाय का?

पाना_१४

सरकणारच. पॅनहार्ड एका टोकाला चेसीला, दुसऱ्याला एक्सलला. एक्सल खाली गेला की रॉड जास्त तिरका होतो, लांबी तीच, म्हणून तो एक्सलला चेसीच्या टोकाकडे ओढतो. उदाहरण घ्या: रॉड ९० सेंमी, आधी एक टोक ८ सेंमी खाली होतं, लिफ्टने १३ सेंमी झालं. आडवं अंतर ८९.६ वरून ८९.१ वर येतं, म्हणजे अर्धा सेंमीहून थोडं जास्त. तुमची ६८ मिमी आहे म्हणजे अजून थोडं. मागेही रॉड आहे, आणि पुढचा एका बाजूला, मागचा दुसऱ्या बाजूला ओढला गेला तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. म्हणून लांबी बदलता येणारा रॉड घेतात. तुमच्याकडे तसाही बुश गेलाय, त्यामुळे तो खर्च आता चुकत नाही.

स्टीअरिंग डावीकडे कललंय तेही यातलंच. ड्रॅग लिंक (स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी झाली, तिने स्टीअरिंग ओढलं. ते टाय रॉड फिरवून सरळ करायचं नाही, त्याने टो बिघडेल. ड्रॅग लिंकचा अ‍ॅडजस्टर फिरवायचा. आणि स्टीअरिंग व्हील उपटून सरळ लावून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. या गाडीत ईएसपी (गाडी घसरू लागली की स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा) आहे, स्टीअरिंगच्या अँगलचा सेन्सर आहे. आतून त्याला गाडी वळतेय असं वाटत राहिलं तर नको तिथे ब्रेक मारेल. आधी लिंकने सरळ करा, मग स्कॅनरने सेन्सर शून्यावर आणा.

तिसरा_गिअर

आणि भणभण? हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर सगळ्यात जास्त म्हणजे मला मागचा पिनियन (डिफरन्शियलमध्ये जिथे शाफ्ट जोडतो) वाटतो.

पाना_१४

बरोबर. मागचे आर्म पुढे चेसीला आणि मागे एक्सलला. एक्सल खाली गेला की पिनियनचं नाक वर उचललं जातं. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असलेल्या शाफ्टला दोन्ही टोकांचे अँगल सारखे लागतात, म्हणजे ट्रान्सफर केसचा (ताकद पुढे-मागे वाटणारा डबा) फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) आणि डिफरन्शियलचा फ्लँज एकमेकांना समांतर. मग पहिल्या क्रॉसने केलेला कमी-जास्त वेग दुसरा क्रॉस पुसून टाकतो. नाक वर गेलं की एका टोकाला अँगल जास्त, दुसऱ्याला कमी, आणि पुसायचं राहून जातं. फरक एका अंशाच्या आत असला तर बरं. फोनमधल्या लेव्हलने मोजता येतो, फोन फ्लँजच्या मशीन केलेल्या सपाट बाजूला टेकवायचा, ओतीव भागाला नाही.

त्याआधी शाफ्ट हाताने फिरवून क्रॉस कुठे अडकतो का बघा, आणि किट टाकताना कोणी शाफ्ट खोलला होता का विचारा. स्लाइडिंग जॉइंटवर दोन्ही टोकांच्या क्रॉसची तोंडं एका रेषेत यायला हवीत, एक दात चुकला तरी सगळे अँगल जुळवूनही भणभण राहते.

पुढच्या शाफ्टचा संशय मात्र सोडा. २ एच मध्ये (फक्त मागची चाकं ओढतात तेव्हा) पुढचे हब व्हॅक्यूमने सुटलेले असतात, शाफ्ट फिरतच नाही. अर्थात हब अडकलेला नसेल तर.

जुनी_जिप्सी

चिखलाचं कोणी बोललं नाही. मुळशी-ताम्हिणीचा लाल चिखल रिमच्या आत सुकून बसतो, पाव किलोचा गोळा. बॅलन्सिंगवाला बाहेरून पाणी मारतो आणि त्या चिखलासकट बॅलन्स करतो, दुसऱ्या दिवशी गोळा पडतो. रिम आतून धुऊन घ्या. आणि बाहेरचे अलॉय असतील तर मधलं भोक हबला घट्ट बसतंय का बघा. जिम्नीचं १०८ मिमी आहे. मोठ्या भोकाचं रिम फक्त नटांवर लटकलं तर बॅलन्स करून उपयोग नाही.

रानवाटकरी

रिम कंपनीचेच आहेत काका, आतून धुतले. शाफ्ट कोणी खोलला नव्हता, तोंडं एका रेषेत आहेत, क्रॉस मोकळे. फ्लँजमध्ये साडेतीन अंशांचा फरक आला. फोनचं किती खरं माहीत नाही, पण परत परत तोच येतोय.

आता प्रश्न असा की कॅस्टर बुश, पॅनहार्ड दोन, मागच्या आर्मचं काहीतरी, एवढं सगळं घालू का सरळ स्प्रिंग बदलू?

पाना_१४

स्प्रिंग. रिकाम्या गाडीच्या वजनाच्या, ४० मिमीच्या. अर्धे प्रश्न तिथेच कमी होतात. मग पुढे बदलता येणारा पॅनहार्ड आणि आर्मचे ऑफसेट बुश. बुशावर बाण असतो, दिशा चुकली तर जिप्सी काकांच्या पाचरीसारखं होईल.

एक सांगून ठेवतो, पुढे कॅस्टर वाढवला की एक्सल मागे लोळतो आणि त्याच तुकड्यात पुढचा पिनियन आहे, तो खाली जातो. म्हणजे पुढच्या शाफ्टचा अँगल बिघडतो. ४ एच मध्ये (चारही चाकं ओढतात तेव्हा) वेगाने गेलात तर तिथे थोडी भणभण येऊ शकते. ४ एच कोरड्या डांबरावर चालवायचा नसतोच, त्यामुळे मी कायम कॅस्टरच्या बाजूने असतो. पण पूर्ण भरून काढायचा हट्ट नको, दोन-अडीच अंश आला की थांबा.

स्वाननदीकाठी

+१. अति कॅस्टर घेतलेल्या गाड्या इथे बघितल्यात, पुढचे क्रॉस लवकर जातात.

कायदेपंडित

रंगाचा बेरंग करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारा बदल चालत नाही. विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर टेप काढतो.

थारवाला_७७

पंडितजी तुमची गाडी कुठली?

कायदेपंडित

स्टॉक बोलेरो. सुखात आहे.

रानवाटकरी

अपडेट. ४० च्या स्प्रिंग टाकल्या, आता पुढे ४३ आणि मागे ३८ भरतेय. ऑफसेट बुश, पुढे नवीन पॅनहार्ड. यावेळी उभा राहून गाडी चाकांवर असतानाच बोल्ट आवळून घेतले, फोरमन तोंड वाकडं करत होता. ड्रॅग लिंक, मग अलाइनमेंट, मग सेन्सर. कॅस्टर डावीकडे २.४, उजवीकडे २.२. हेडलाइटही खाली घेतले, समोरचे डिपर मारायचे ते बंद झालं.

धडधड गेली, पूर्ण. मुद्दाम त्याच जॉइंटवरून ७०, ७५, ८० ने नेऊन पाहिली. स्टीअरिंग ताम्हिणीत परत येतं. भणभण ९० ला नाही, पण ९८-१०० ला हलक्या पायावर अजून बारीक आहे. समृद्धीच्या काँक्रीटवर टायरच्याच आवाजात कळत नाही, गुळगुळीत डांबरावर कळते. फ्लँजचा फरक आता दीड अंशावर आलाय.

तिसरा_गिअर

मागचा पॅनहार्ड जुनाच ठेवलात का? चाकं मोजली?

रानवाटकरी

जुनाच. मागे ३ मिमीचा फरक आहे, सोडून दिला.

पाना_१४

३ मिमी सोडा. दीड अंशासाठी मागच्या आर्मलाही ऑफसेट बुश मिळतात, पण आधी थोडं चालवा, नवीन स्प्रिंग अजून चार-पाच मिमी बसतात. बसल्यावर परत मोजा आणि मग ठरवा. हजारेक किलोमीटरनंतर पॅनहार्डचे दोन्ही बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासून घ्या.

वाचनमात्र

त्या ६८ मिमीवाल्या स्प्रिंग विकणार आहात का? माझ्या एका मित्राने स्टील बंपर आणि विंच लावलाय, त्याच्या गाडीचं नाक खाली बसलंय.

रानवाटकरी

आहेत, फक्त पुढच्या दोन देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्याला आधी टेप लावून मोजायला सांगा.